किलोमीटर वाढले, तास घटले
दोन शहरांमधले किलोमीटर कळले की त्यांना विमानाच्या वेगाने भागून आपण प्रवासाचे तास काढतो. हा हिशोब रेल्वेला बऱ्यापैकी चालतो, लांब पल्ल्याच्या विमानाला चालत नाही. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को घ्या. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं तर हे अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर भरतं. हा दोरा भिंतीवरच्या नकाशातल्यासारखा आडवा न जाता थेट उत्तर ध्रुवाच्या अंगाने जातो. एअर इंडियाचं विमान मात्र अटलांटिकवरून, जवळपास १३,९०० किलोमीटर उडत असे. ऑक्टोबर २०१६मध्ये कंपनीने ते उलट दिशेने, पॅसिफिकवरून धाडलं. अंतर १५,३०० किलोमीटर झालं, म्हणजे चौदाशेंची भर पडली. तरी विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा जवळजवळ दोन तास आधी उतरलं.

इथे भागाकार करून बघण्यासारखा आहे. १५,३०० भागिले साडेचौदा म्हणजे ताशी सुमारे १,०५५ किलोमीटर. या मार्गावरचं बोइंग ७७७ विमान स्वतःच्या बळावर हवेतून ताशी ९००च्या आसपास जातं. वरचे दीडशे वाऱ्याचे. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या तफावतीतून ते जन्मतात, आणि हिवाळ्यात ही तफावत वाढली की त्यांना जोर चढतो. विमान हवेत उडतं, आणि ती हवाच सरकत असते. त्यामुळे खरं अंतर जमिनीवर मोजून हाती लागत नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून पाच तासांच्या आत लंडनला पोचलं. उलट दिशेने याच प्रवासाला एरवी सात-आठ तास लागतात.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखाली मुक्काम आपणहून यायला हवा. तसं होत नाही, कारण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरतं, आणि उड्डाणाआधी विमानतळावर उभं असलेलं विमानही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: किलोमीटरला काहीच अर्थ नाही का? आहे, इंधनाची टाकी किती पुरेल हे ठरवताना. पण टाकीही तासांनी रिकामी होते. म्हणून डिस्पॅचर उड्डाणाआधी त्या दिवशीच्या वाऱ्याचा अंदाज बघून मार्ग आखतात. त्यात जमिनीवरचं राजकारणही येतं. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली, आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांचा वेळ वाढला.

राहता राहिला परतीचा प्रश्न: जाताना पाठीवर घेतलेला वारा येताना तोंडावर येणारच ना? एअर इंडियाने तिथेही त्याला पाठीवरच ठेवलं. परतीचं विमान पूर्वीसारखंच अटलांटिकवरून, पुन्हा पूर्वेकडेच निघायचं. दिल्लीहून जाऊन दिल्लीला येईतो पृथ्वीला एक फेरा पूर्ण व्हायचा.