मालवणी बोलीचा नट : मच्छिंद्र कांबळी

आमच्या वेळी गावाकडून मुंबईला आलेल्या मुलाला परळ-लालबागच्या खोलीत पहिली शिकवण मिळत असे ती ही की, बाहेर बोलताना ‘माका’, ‘तुका’, ‘खय’ असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत. लोक हसतात. नोकरीच्या ठिकाणी पुस्तकी मराठी बोलायची आणि खोलीचा उंबरठा ओलांडला की मालवणी, असा तो रिवाज. मराठी नाटकांतूनही ही बोली ऐकू यायची ती बहुधा घरगड्याच्या तोंडून, घटकाभर हशा पिकवण्यापुरती. मच्छिंद्र कांबळी यांनी रंगभूमीवर काय केले, हे समजून घ्यायचे तर प्रथम ही लाज ध्यानात घेतली पाहिजे.

त्यांचा जन्म ४ एप्रिल १९४७ चा. गाव मालवणजवळचे रेवंडी. त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते ‘वस्त्रहरण’ या नाटकामुळे. हे नाटक फेब्रुवारी १९८० मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आले. त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्हा झालेलाही नव्हता, तो १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा निघाला. नाटकाचे लेखक गंगाराम गवाणकर हे राजापूर तालुक्यातले. पुढे २०१६ साली ठाण्याच्या अखिल भारतीय नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. दिग्दर्शन रमेश रणदिवे यांचे होते.

नाटकाचा विषय तसा साधा. गावातली हौशी मंडळी द्रौपदी-वस्त्रहरणाचे नाटक बसवतात. आधी तालमीची धांदल, मग प्रत्यक्ष प्रयोगाची फजिती. पांडव-कौरव झालेल्या माणसांना भारदस्त मराठी बोलायची आहे, पण चार वाक्यांत जीभ घसरते आणि मालवणी बाहेर पडते. या सगळ्या गोंधळावर मालकी हक्काने देखरेख करणारे तात्या सरपंच म्हणजे कांबळी. ज्यांनी वाडीत नाटक बसवले आहे, त्यांना यातले काहीही परके वाटणार नाही. १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी आमच्या मंडळींनी केलेल्या तालमीतही ऐनवेळी रुसणारा नट आणि नक्कल हरवणारा मास्तर असायचाच.

परंतु हा विनोद केवळ घसरलेल्या जिभेचा नाही. त्याचे मूळ दशावतारात आहे. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावतारी कंपन्या गावोगाव फिरतात. साधनसामग्री बेताचीच. बसायला एक बाकडे, सोबत पायपेटी, मृदंग आणि झांज. लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. आरंभी वेद पळवणारा संकासुर येतो, काळ्या वेषातला, लाल जिभेचा. देव ग्रांथिक मराठी बोलतात आणि हा असुर मात्र मालवणीत गजाली मारतो, समोरच्यांची टर उडवतो. आपली बोली मांडावर आली ती असुराच्या तोंडून, ही गोष्ट आम्हांस विचार करण्यासारखी वाटते. आमचे वडीलधारे सांगत की, जत्रेत त्यांची उभे राहण्याची जागा मांडापासून लांब असे. संकासुराचे बोलणे तेवढे लांबूनही कळे.

कांबळी यांचा अभिनय या परंपरेचा सख्खा नातेवाईक होता. समोर बसलेल्या लोकांचा अंदाज घेऊन ते वाक्य लांबवत, ताज्या घडामोडीवर एखादी कोपरखळी मारत आणि पुन्हा मूळ वाटेवर येत. तीच भूमिका वर्षानुवर्षे करूनही ती शिळी झाली नाही, याचे कारण हेच असावे. नाटकातला शब्द पाठ असणे वेगळे आणि तो त्या संध्याकाळी सुचल्यासारखा येणे वेगळे.

सुरुवातीला या नाटकाकडे प्रेक्षक फारसे फिरकले नाहीत. मग पु. ल. देशपांडे यांनी ते पाहिले, मनापासून दाद देणारे पत्र लिहिले आणि चित्र पालटले. पुढे प्रयोगांची संख्या ५,००० च्या वर गेली. नाटक लंडनलाही जाऊन आले. एका जाणत्या माणसाचे पत्र येईपर्यंत आपल्याच माणसांना आपली बोली तिकीट काढण्याजोगी वाटू नये, हे थोडे बोचते खरे.

१९८२ साली कांबळी यांनी ‘भद्रकाली प्रॉडक्शन्स’ ही संस्था उभी केली. भद्रकाली ही रेवंडीची ग्रामदेवता. त्याच वर्षी १८ जानेवारीला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. त्यांत कोकणातले चाकरमानी किती होते, हे परळच्या जुन्या रहिवाशांना सांगायला नको. मालवणी नाटकाचा हक्काचा प्रेक्षक तो हाच. अशा दिवसांत नाट्यसंस्था काढून ती चालवणे हे धाडसच होते. ‘पांडगो इलो रे बा इलो’, ‘घास रे रामा’, ‘येवा कोकण आपलाच आसा’, ‘माझं पती छत्रीपती’ अशी नाटके येत गेली. नाटकांच्या नावातच मालवणी आली आणि ती जाहिरातीत ठसठशीत अक्षरांत छापली जाऊ लागली.

एक आक्षेप मात्र प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. ‘वस्त्रहरण’मुळे मालवणी म्हणजे विनोद हे समीकरण आणखी पक्के झाले, असे काहीजण म्हणतात. त्यात तथ्य आहे. ज्या बोलीत आमच्या आयांनी दुष्काळाची, मरणाची, अपमानाची दुःखे सांगितली, तिच्यात गंभीर नाटक फारसे झाले नाही. पण हा दोष एकट्या नटाच्या माथी मारणे आम्हांस पटत नाही. त्यांनी दार उघडले, आत काय न्यायचे ते मागून येणाऱ्यांनी ठरवायचे होते. शिवाय नाट्यगृहात तिकीट काढले की खुर्ची आपली. वडिलांना मांडापासून लांब उभे राहावे लागले, त्यांची मुले मधल्या रांगेत बसून आपल्याच बोलीवर मोठ्याने हसली. परक्याने हसणे आणि हे हसणे, दोन्ही एक नव्हेत.

३० सप्टेंबर २००७ रोजी कांबळी यांचे निधन झाले. वय अवघे ६० होते. संस्था त्यांचे चिरंजीव प्रसाद कांबळी यांनी पुढे चालवली. तात्या सरपंचांची भूमिका नंतर इतर नटांनी केली. २०१७ साली याच भद्रकालीने प्राजक्त देशमुख यांचे ‘संगीत देवबाभळी’ रंगमंचावर आणले. त्यात तुकारामांची आवली आणि विठ्ठलाची रखुमाई अशी दोनच पात्रे आहेत, आणि पडद्यावर नाव तेच, रेवंडीच्या देवीचे.