पुण्यातील विसाव्या शतकारंभीची घरे व त्यांचे बदललेले दर्शनी भाग

जुन्या पोथ्यांचा ज्यांना परिचय आहे त्यांना हे सांगावयास नको की, एका हाताने आरंभलेली व त्याच हाताने संपविलेली पोथी विरळा. आरंभीची पाने एका लेखकाची, मधली दुसऱ्याची, समासातील टीपा तिसऱ्याच्या, चुकलेल्या ओळीवर हरताळ, आणि झिजलेल्या पानांच्या जागी मागाहून लिहून घातलेली नवी पाने, अशीच बहुतेक पोथ्यांची स्थिती असते. म्हणून कोणी संग्राहक अशी पोथी टाकून देत नाही. उलट, कोणता हात कोणाचा व कोणत्या काळचा हे ठरविण्यातच त्याचे कौशल्य असते. हाच न्याय घरांना लावावयाचा मात्र आपण विसरतो. पेशवाईतील वाड्याचा दर्शनी भाग जसाच्या तसा राहिला असेल तर आपण त्याचे कौतुक करतो. त्याच वाड्याला १९१० साली बिडाचा कठडा व १९३० साली सिमेंटचा सज्जा लागला असेल, तर ‘बिघडलेले घर’ म्हणून पुढे जातो. प्रस्तुत लेखात आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, बदललेला दर्शनी भाग हा बिघडलेला पाठ नसून अनेक हातांचा लेख आहे, आणि तो नीट वाचल्यास दप्तरात न सापडणारी माहिती देतो. उदाहरणासाठी पुण्याच्या पेठांतील घरे घेतली आहेत व काळाची मर्यादा स्थूलमानाने १८९७ ते १९४७ अशी धरली आहे.

दर्शनी भाग का बदलले ?

पेशवाईच्या वळणाचे घर अंतर्मुख असे. हवा व उजेड चौकातून येई. रस्त्याकडील तळमजल्याची भिंत बहुधा बंद असून तीत दिंडीचा दरवाजा व फार तर एखादी लहान खिडकी असे. शोभा काय ती वरच्या मजल्यावरील सज्जात, सुरूच्या आकाराच्या खांबांत व त्यांमधील महिरपींत. १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर केला, आणि घरात उजेड किती, हवा किती, हा विषय सरकारी तपासणीचा तसाच घरोघरच्या चर्चेचा झाला. मुंबईत याच आपत्तीमुळे १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. यानंतरच्या काळात जे घर नवे बांधले जाई ते रस्त्याकडे तोंड करून, मोठ्या खिडक्या ठेवून बांधले जाई, व जे जुने असे त्याच्या बंद भिंतीला भोके पडत.

दुसरे कारण रस्त्यांचे. पेठांतील बोळ रुंद करताना घराचा पुढचा भाग कापला जाई व मागच्या भागाला नवे तोंड बसवावे लागे. अशा घराचे तोंड विसाव्या शतकाचे व पोट अठराव्या शतकाचे असते. तिसरे कारण भाडेकऱ्यांचे. शाळा, महाविद्यालये व कचेऱ्या यांमुळे शहरात बिऱ्हाडे वाढली. ओसरीच्या खोल्या झाल्या, रस्त्याकडील खणांत दुकाने आली, बाहेरून जिने चढले. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या मानाने बांधली गेली. तेव्हापासून मालकास दुरुस्ती परवडेना व भाडेकरू आपापल्या खणापुरती डागडुजी करू लागला. एकाच घराच्या दर्शनी भागावर चार रंग व तीन तऱ्हेच्या खिडक्या दिसतात, त्याचा उगम पुष्कळदा येथे आहे. शेवटी १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठांतील कित्येक घरे पडली. जी उभी राहिली त्यांपैकी अनेकांची तळमजल्याची भिंत त्यानंतरची आहे.

वाचनाची रीत

दर्शनी भाग खालून वर वाचावा. जोते हे बहुधा सर्वांत जुने असते, कारण घर पडले तरी घडीव दगडाचे जोते सहसा कोणी उखडीत नाही, त्याच जोत्यावर नवे घर चढवितात. जोत्याच्या दगडांची घडण व वरच्या भिंतीची रेषा जुळत नसेल, तर तेथे दोन काळ एकमेकांवर बसले आहेत असे समजावे.

जोत्यावर भिंत. गिलावा निघालेल्या ठिकाणी वीट पाहावी. पातळ, चपटी व चुन्यात बसविलेली वीट जुन्या वळणाची. सुमारे नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद व तीन इंच जाड अशी ठराविक मापाची वीट इंग्रजी अमदानीतील. ज्या जागी पातळ विटांच्या भिंतीत जाड विटांचा उभा पट्टा दिसतो, तेथे पूर्वी दार किंवा खिडकी असून ती मागाहून बुजविली असा तर्क करण्यास हरकत नाही.

नंतर लाकूड. जुने सुतारकाम साल व कुसू यांच्या जोडावर उभे असते, खिळा त्यात कमी, आणि असला तर लोहाराने घडलेला चौकोनी. गोल तारेचा खिळा नंतरचा. खांबाच्या अंगावर रिकाम्या खाचा दिसतील तर त्या अवश्य मोजाव्या. नाहीशा झालेल्या कठड्याचा अथवा महिरपीचा तेवढाच पुरावा उरलेला असतो.

लोखंड व कौल यांचा मोठा गुण हा की, ती पुष्कळदा स्वतःच बोलतात. लोखंडी तुळईवर कारखान्याचे नाव उठविलेले असते. ते विलायती कारखान्याचे असेल तर तेवढ्यावरून काळ ठरत नाही. परंतु ते टाटांचे असेल तर ती तुळई १९१२ च्या आधीची असणे शक्य नाही, कारण साकची येथील त्यांच्या कारखान्यात पोलाद प्रथम त्या साली निघाले. मंगलोरी कौलांवरही छाप असतो. बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ हा आकडा पाहून कित्येकजण घराचे वय तेच धरतात. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे, कौल भाजल्याचा नव्हे. हे कारखाने पहिल्या महायुद्धात सरकारने ताब्यात घेतले व पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तेव्हा ‘कॉमनवेल्थ’ असा छाप असलेले कौल युद्धानंतरचे, हे निश्चित समजावे.

सिमेंटचेही असेच. आरंभी ते विलायतेहून येई व महाग पडे. १९१४ साली पोरबंदर येथे देशी सिमेंट निघू लागले, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आले. साच्यातून काढलेले कठड्याचे खांब, सज्जावरील उगवत्या सूर्याचे किरण, कोपऱ्याला दिलेली गोलाई, हे सर्व त्या काळचे हस्ताक्षर होय.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. वस्तूचे वय म्हणजे घराचे वय नव्हे. मोडलेल्या वाड्याचे खांब, तुळया व दरवाजे नव्या घरात वापरण्याची चाल आपल्याकडे सर्वत्र होती, कारण सागवान टाकून देण्याची वस्तू नव्हती. म्हणून १९२० सालच्या घरात अठराव्या शतकातील खांब सापडला, तर घर मागे नेऊ नये, खांब कोठून आला याचा शोध करावा. दर्शनी भागाचा काळ ठरविताना त्यातील सर्वांत अलीकडची व मुळापासून बसविलेली वस्तू कोणती, हा प्रश्न आधी विचारावा.

शकाचा आकडा

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या घरांवर चुन्यात उठविलेला शक पुष्कळ ठिकाणी आढळतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, आणि मिती जानेवारीपासून शकाच्या अखेरीपर्यंतची असल्यास ७९ मिळवावे लागतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु आकडा रंगाच्या थरांनी बुजला असेल व शेजारी संवत्सराचे नाव असेल, तर त्याचा पडताळा घेता येतो. शकात १२ मिळवून ६० ने भागावे, बाकी राहील तितवे संवत्सर प्रभवापासून मोजावे. शके १८३५ घेतल्यास १८४७ ला ६० ने भागून बाकी ४७ उरते व सत्तेचाळिसावे संवत्सर प्रमादी येते. म्हणजे ‘प्रमादी’ स्पष्ट असून शेवटचा आकडा ३ की ५ असा संशय असेल, तर ५ हाच खरा. मात्र हा शक घराचा की केवळ नव्या दर्शनी भागाचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी कागदांकडे वळले पाहिजे.

खण व वाटणीपत्र

येथेच हस्तलिखितांच्या संग्राहकाचा खरा उपयोग आहे. आपल्या जुन्या कागदांत घर खणांनी मोजलेले असते. दोन खांबांमधील अंतर तो एक खण. खरेदीखत, गहाणखत किंवा वाटणीपत्र यांत चतुःसीमेबरोबर खणांची संख्या येते. दर्शनी भागावरचे खण मोजून ते कागदाशी ताडून पाहिल्यास पुष्कळ कोडी उलगडतात.

पेठांतून हिंडताना असे घर दिसते की, त्याच्या सहा खणांपैकी डावीकडील तिहींत लाकडी खांब व महिरपी शाबूत आहेत आणि उजवीकडील तिहींत सिमेंटचा सज्जा व लोखंडी गज आहेत. मधल्या खांबाचा अर्धा भाग तेलपाण्याने काळा व अर्धा रंगविलेला. पाहणारा हळहळतो की, अर्धे घर नासले. परंतु अशा घराचे वाटणीपत्र हाती लागले तर तीच भिंत बोलू लागते. दोन भावांनी घर मधल्या खांबावर वाटून घेतले. एकाला नोकरीने पैसा मिळाला, त्याने आपले तीन खण नव्या तऱ्हेचे केले. दुसऱ्याला ते साधले नाही, म्हणून जुने काम वाचले. आपण ज्याला अभिरुची म्हणून वाखाणतो ते कित्येकदा केवळ दारिद्र्याने जपलेले असते, आणि ज्याला नासधूस म्हणतो तो एखाद्या कुटुंबाच्या उत्कर्षाचा लेख असतो. इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच मोलाचे.

राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. तेव्हापासून घराघरांच्या माळ्यांवरून किती रुमाल निघाले याची गणती नाही. परंतु रुमालाची नोंद झाली, तशी ज्या माळ्यावर तो सापडला त्या घराची नोंद क्वचितच झाली. कागद शीतकपाटात सुरक्षित राहिला व घर पडले, म्हणजे अर्धा पुरावा गेला.

कोणता थर राखावा ?

जीर्णोद्धार करणारे पुष्कळदा मागचा सर्व थर खरवडून ‘मूळ’ रूप आणू पाहतात. हे सर्वत्र इष्ट नाही. विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाचा खरा. परंतु १८७९ च्या आगीत, जिच्यात बुधवार वाडा नष्ट झाला, याही वाड्याचा काही भाग जळाला व पुढे लोकवर्गणी आणि नगरपालिका यांच्या साहाय्याने तो दुरुस्त झाला. ती दुरुस्तीही आता त्या वाड्याच्या इतिहासाचा भाग आहे. पाठसंशोधनात मूळ पाठ शोधतात, परंतु पाठभेद तळटीपेत राखतात. घराच्या बाबतीत तळटीप लिहिण्याची सोय खरवडण्यापूर्वीच असते, नंतर नसते.

उलट पक्षी, केवळ विसाव्या शतकातील म्हणून घर क्षुद्र मानण्याचे दिवसही गेले आहेत. मुंबईत वारसा इमारतींसाठी १९९५ साली नियम झाले. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतालच्या गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत गेला. त्यातील आर्ट डेको इमारती १९३० नंतरच्या आहेत. पुण्याच्या पेठांतील त्याच काळचे सिमेंटचे सज्जे त्याच अभिरुचीचे धाकटे भाऊ आहेत, हे विसरू नये.

काय गमावले जाते याचे उदाहरण दूर शोधावयास नको. ज्या भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, त्याच्या दर्शनी भागात पुढे दुकाने थाटली गेली व वाड्याची ओळख झाकली. न्यायालयीन वाद संपल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडण्यात आला. स्मारक उभारणे योग्यच आहे. परंतु कोणती भिंत शाळेच्या काळची व कोणती दुकानांच्या, हे त्या जागी उभे राहून ताडून पाहण्याची संधी आता कोणालाच मिळावयाची नाही.

संग्राहकांसही एक विनंती. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर खपून जमविलेले कोरीव दरवाजे व खिडक्या पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आज सर्वांस पाहावयास मिळतात. तो संग्रह नसता तर त्यांतील कितीतरी काम सरपणात गेले असते. परंतु आज जो कोणी जुना दरवाजा विकत घेईल, त्याने तो कोणत्या पेठेतील, कोणत्या घराचा, कितव्या खणातील, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. स्थळाचा उल्लेख नसलेला दरवाजा हा पोथीतून फाटून आलेल्या पानासारखा होय. अक्षर सुंदर, पण ग्रंथ अज्ञात.

नोंदीची रूपरेषा

येणेप्रमाणे आमची सूचना अशी की, प्रत्येक अभ्यासकाने आपल्या आळीतील निदान एका घराची नोंद करावी. सकाळच्या अथवा सायंकाळच्या तिरप्या उन्हात दर्शनी भागाचे छायाचित्र घ्यावे, कारण बुजविलेल्या दारांच्या कडा तेव्हाच उठून दिसतात. खणांची संख्या व मापे घालून साधा आराखडा काढावा. वीट, लाकूड, लोखंड, कौल व सिमेंट यांवरील छाप उतरून घ्यावेत. नगर भूमापनाचा क्रमांक लिहावा व मिळकतपत्रिकेची नक्कल मिळवावी. घरच्या मंडळींकडे वाटणीपत्र असल्यास त्यांच्या अनुमतीने वाचावे, मोडीत असल्यास लिप्यंतर त्यांसही द्यावे. अखेरीस कोणता थर कोणाचा हे ठरवावे, आणि जेथे केवळ तर्क असेल तेथे ‘तर्क’ असे स्वच्छ लिहावे.

एवढ्या कामास एक दोन दिवस पुरतात. पेठांतील घरे आता एकामागून एक पाडली जात आहेत, आणि पाडण्यास त्याहूनही कमी वेळ लागतो. पोथी एखादे शतक बासनात वाट पाहू शकते, भिंतीला तेवढा अवकाश नाही.