पॉइंट कुठे काढायचा?

मोसंबीच्या बागा पाण्यावाचून माना टाकू लागल्या की जालना जिल्ह्यात बोअरच्या गाड्यांची वर्दळ वाढते. आधी पॉइंट, म्हणजे बोअरची जागा, काढायचा. कुणी तळहातावर नारळ धरणाऱ्या पाणाड्याला बोलावतो, कुणी मशीनवाल्याला. मशीन म्हटले की भरवसा वाढतो. पण त्या मशीनला पाणी दिसत नाही, कळतो तो फक्त जमिनीचा विद्युतरोध.

चार सळया एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह जमिनीत सोडायचा, आतल्या दोहोंमधला विद्युतदाब मोजायचा. बाहेरच्या सळया लांब सरकवत नेल्या की प्रवाह अधिक खोल उतरतो आणि आलेख पुढे सरकतो. उन्हाळ्यात रान इतके कोरडे असते की सळईच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतावे लागते. म्हणजे पाणी शोधायलाही आधी बादलीभर पाणी हवेच! पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. फ्रान्सच्या कॉनराड श्लुंबर्जे यांनी 1912 च्या सुमारास खनिजांच्या शोधासाठी विजेचे प्रयोग केले, तर अमेरिकेच्या फ्रँक वेनर यांची समान अंतराची मांडणी 1915 मधली.

जालन्याच्या पोटात बेसॉल्ट आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. अखंड काळ्या पाषाणाचा रोध शंभर ओहम-मीटरच्या बराच पुढे जातो. ओला मुरूम किंवा सच्छिद्र मांजऱ्या खडक साधारण 15 ते 50 दाखवतो.

फसगत होते ती याहूनही कमी आकड्यावर. चिकण माती आणि दोन थरांमधला लाल गेरू भिजले की आकडा दहाच्या आसपास येतो, पण त्यांतले पाणी बोअरला सुटत नाही. शिवाय खोलवरची बारीक भेग आलेखात हरवून जाते. म्हणून जाणता भूवैज्ञानिक आधी शेजारच्या विहिरीत वाकून पाहतो: मुरूम कुठे संपला, मांजऱ्या कुठे लागला, झरा कोणत्या अंगाला आहे. पहिली मोजणी त्या विहिरीपाशी, मग नव्या जागी. हा खटाटोप टाळून तासाभरात पॉइंट देणाऱ्याचे मशीन कितीही महागडे असो, त्याच्यात आणि नारळवाल्यात फारसा फरक नाही.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून काम करते आहे. 2009 च्या भूजल अधिनियमाने शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल बोअरवर बंधन घातले. बेसॉल्टमध्ये झिजलेला, पाणी धरणारा भाग बहुतेक वरच्या थरांतच असतो. तरीही मराठवाड्यात पाचशे फुटांचे बोअर नवे नाहीत.