फोन घ्या, पण आधी सिम बघा

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आता आधारचा ओटीपी मोबाइलवरच येतो, तेव्हा फोन हवाच. दहा हजारांच्या आसपासचा फाइव्ह-जी हवा म्हटलं, की शाओमीचा रेडमी ए४ आणि सॅमसंगचा गॅलेक्सी एफ०६ ही जोडी समोर येते.

रेडमी नोव्हेंबर २०२४ मध्ये ८,४९९ रुपयांपासून आला. पडदा ६.८८ इंची, बॅटरी ५,१६० एमएएच, चार्जर खोक्यातच. फेब्रुवारी २०२५चा सॅमसंग थोडा महाग, चार्जरही वेगळा घ्यायचा; पण अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्यांचं आश्वासन. रेडमीचं दोनांचंच.

खरी मेख पुढेच आहे. रेडमी ए४ फक्त ‘स्टँडअलोन’, म्हणजे फोर-जीचा टेकू न घेणारं फाइव्ह-जी पकडतो. जिओचं जाळं तसंच आहे. एअरटेलने मात्र सुरुवात फोर-जीच्या टेकूनेच केली; जिथे अजून तसंच जाळं आहे, तिथे हा फाइव्ह-जी फोन फोर-जीच! जाहिरातीत हे कोण सांगतो?

टेंभलीच्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या दुर्गम पाड्यांवर तर फाइव्ह-जी सोडाच, रेंज मिळाली तरी पुष्कळ.

सिम जिओचं असेल तर रेडमी घेऊन पैसे वाचवावेत. एअरटेलचं असेल, किंवा फोन चार-पाच वर्षं चालवायचा असेल, तर सॅमसंगच बरा.