झांजेच्या कडकडाटातलं पद

कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि गावोगावच्या देवळांपुढे रात्रभर दशावतार रंगतो. संहिता लिहिलेली नसते. कथानक ठरलेलं, संवाद जागच्या जागी सुचलेले. नेपथ्य म्हणजे बहुतेकदा एक बाकडं. बाकी सारा भार पेटी, पखवाज आणि झांज या तीन वाद्यांवर. कानठळ्या बसवणाऱ्या या वाद्यांमधून स्त्रीपार्टीचं, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाचं, नाजूक पद ऐकू येतं कसं, हे समजून घ्यायला एका जत्रेत मी वादकांच्या शेजारी बसलो.

नाटकाआधी पखवाजवाल्याने डाव्या पुडीवर ओली कणीक थापली, तसा तिचा आवाज खोल गेला. मग हातोडीने ठोकत उजवी पुडी पेटीच्या सुराला आणली. गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासूर असा आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग, आटोपला आणि आख्यान सुरू झालं. युद्धाच्या प्रसंगात झांज उघडी वाजत होती, पखवाजावर पंजे पडत होते आणि राजपार्टीची पावलं त्याच लयीत आपटत होती. आवाज छातीत घुमत होता.

राजा गेला, राणी आली. तिने पहिला सूर घेतला आणि झांजवाल्याने दोन्ही वाट्या एकमेकींवर दाबून धरल्या. ठोका राहिला, झणत्कार गेला. पखवाज उघड्या थापेवरून बोटांवर आला. पेटी गळ्याच्या मागोमाग चालली. राणी श्वास घ्यायला थांबली, की तेवढी जागा पेटीने भरली. ओळ संपून समेवर येताच पुन्हा कडकडाट! त्या कडकडाटानंतर पुढची ओळ अधिकच गोड लागली.

यामागचं गणित सरळ आहे. झांजेचा झणत्कार वरच्या पट्टीत, पखवाजाची धुमक खालच्या. मधली जागा गळ्याची आणि पेटीची. ती जागा राखली, तर गोंगाट आवाजाला झाकत नाही, उठाव देतो.

गोंगाट आणि गोडवा यांचा असाच खेळ रॉक संगीतातही सापडतो. दूर स्कॉटलंडमधल्या ‘द जीझस अँड मेरी चेन’ या बँडने 1985 साली ‘सायकोकँडी’ या अल्बममध्ये गिटारच्या कर्कश गुंजारवाखाली साध्या, गोड चाली ठेवल्या. 1991 मध्ये ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ या बँडच्या ‘लव्हलेस’ या अल्बमने गाणाऱ्यांचे हळुवार आवाज गिटारांच्या लाटेत इतके मिसळले, की शब्द पुसट झाले. तिथे ते विरघळणं हाच आनंद होता. दशावताराला ती मुभा नाही. पदातून कथा पुढे जाते, म्हणून मागच्या रांगेतल्या आजीपर्यंत शब्द पोचलाच पाहिजे. तिकडे हा तोल स्टुडिओत बसून साधता येतो. इथे तो तीन माणसं एकमेकांकडे बघत, त्या क्षणी साधतात.

हल्ली जत्रेत मोठे भोंगे लागतात आणि झांजेपुढेही माईक येतो. मग वाट्या दाबल्या तरी ठोका भोंग्यातून फुटतो आणि पद बुडतं. जत्रा भरवणाऱ्या मंडळींना कळकळीची विनंती आहे: झांजेला वेगळा माईक देऊ नका. आवाज कितीवर ठेवायचा, हे मशीनवाल्याने वादकांना विचारून ठरवावं. रात्रभर तो तोल सांभाळणारे हात त्यांचेच असतात.