वजन घटवणारी शस्त्रक्रिया आणि कुटुंबाची भूमिका

तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२००५-०६) १५ ते ४९ वयोगटातील १२.६ टक्के स्त्रिया आणि ९.३ टक्के पुरुष अतिवजनी अथवा लठ्ठ आढळले होते. पाचव्या सर्वेक्षणात (२०१९-२१) हे प्रमाण अनुक्रमे २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. कुपोषणाचा प्रश्न अद्याप न सुटलेल्या देशात अवघ्या दीड दशकात झालेली ही वाढ आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या असंसर्गजन्य रोगांविषयीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर प्रतिबंध आणि लवकर निदान यांवर आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि ज्यांचा लठ्ठपणा त्या टप्प्यापलीकडे गेला आहे, अशा व्यक्तीच्या घरात प्रश्न वेगळा असतो. ‘मी शस्त्रक्रिया करून घ्यावी का?’ असे आई, भाऊ किंवा पत्नी विचारते, तेव्हा आप्तांनी नेमके काय करावयाचे?

बहुतेक घरांत पहिली प्रतिक्रिया उपदेशाची असते. तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती, असे सहज बोलले जाते. वैद्यकशास्त्र याला दुजोरा देत नाही. वजन घटू लागताच शरीर भुकेची संप्रेरके वाढवते, ऊर्जेचा खर्च कमी करते आणि गेलेले वजन परत मिळवण्याचा प्रयत्न करते. शस्त्रक्रियेचा विचार करणारी व्यक्ती बहुधा हा अनुभव अनेकदा घेऊन आलेली असते. तिला आळशी ठरवण्याने निर्णय सोपा होत नाही, फक्त ती घरात बोलेनाशी होते.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून टाकतात. त्यामुळे जठराची धारणक्षमता घटते आणि भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरकही कमी होते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाशी जोडतात. दोन्ही शस्त्रक्रिया सामान्यतः दुर्बिणीद्वारे होतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचा मृत्युदर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. अर्थात तो यादृच्छिक निवडीचा प्रयोग नव्हता, हे अभ्यासकांनी लक्षात ठेवावे. रक्तस्राव, टाक्यांतून गळती, रक्ताची गुठळी हे धोके अनुभवी केंद्रांत कमी असले तरी शून्य नसतात. काहींचे वजन काही वर्षांनी अंशतः पुन्हा वाढते.

पात्रतेचा मुख्य निकष शरीर वस्तुमान निर्देशांक हा आहे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. १.६० मीटर उंची आणि ९६ किलो वजन असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक ३७.५ येतो. १९९१ च्या अमेरिकी निकषांनुसार तो ४० किंवा, गंभीर सहव्याधी असल्यास, ३५ आवश्यक होता. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनांनी ही मर्यादा ३५ वर आणली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करता येईल असे सुचवले. मात्र विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये ठरवून दिलेली पॉलिसीची शब्दरचना जुन्या निकषांशी मिळतीजुळती आहे. वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला, निर्देशांक ४० अथवा ३५ सोबत हृदयविकार, अनियंत्रित मधुमेह किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार, आणि सौम्य उपाय आधी अयशस्वी ठरलेले असणे, असे तिचे स्वरूप आहे. म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या पात्र ठरलेला रुग्ण विम्यासाठी अपात्र ठरू शकतो. पॉलिसी आणि जुने अहवाल बारकाईने वाचण्याचे काम नातेवाइकाने आपणहून अंगावर घ्यावे. २०२५ मध्ये वजन घटवणारी नवी इंजेक्शनेही भारतात उपलब्ध झाली. तो पर्याय आपल्या रुग्णाला लागू आहे का, हेही डॉक्टरांना विचारावे.

निर्णय मात्र रुग्णाचाच. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात स्पष्ट केले की, सज्ञान आणि सक्षम रुग्ण केवळ भुलीखाली असताना, तातडीची प्राणरक्षक गरज नसेल तर, तिच्या आईने दिलेली संमती तिच्या स्वतःच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. हा खटला लठ्ठपणाशी संबंधित नव्हता, पण तत्त्व येथेही तंतोतंत लागू पडते. लग्न जमावे म्हणून मुलीला शस्त्रक्रियेकडे ढकलणारे पालक आणि भीतीपोटी पत्नीला अडवणारा पती, दोघेही संमतीचा हा अर्थ विसरतात. सल्लामसलतीला सोबत जावे, प्रश्न लिहून न्यावेत, पण डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे रुग्णालाच देऊ द्यावीत.

कुटुंबाची खरी कसोटी लागते ती स्वयंपाकघरात. सुरुवातीचे आठवडे पातळ, मग मऊ आहार, आणि त्यानंतर कायमच थोडे-थोडे, सावकाश चावून खाणे. जेवताना पाणी प्यायचे नाही. दिवसाला किमान सुमारे ६० ग्रॅम प्रथिने लागतात. शाकाहारी घरात चार घासांत ती बसवायची तर भात-पोळी मागे ठेवून डाळ, पनीर, दही, सोयाबीन आधी खावे लागते. आपल्याकडे प्रेम आग्रहाने व्यक्त होते. ‘एकच घे’ म्हणत ताटात पडलेला लाडू अशा रुग्णाला उलटी, घाम, धडधड असा त्रास देऊ शकतो. रुग्ण ही घरातील सून असेल तर अडचण आणखी खोल असते. सर्वांना वाढून शेवटी उरलेले खाणारीने दिवसातून पाच-सहा वेळा ठरलेल्या वेळी खायचे, तेही स्वतःसाठी वेगळे शिजवून, हे कामांची फेरवाटणी झाल्याशिवाय शक्यच नाही. शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वीच घरातील पुरुषांनी हा हिशेब मांडलेला बरा.

ब-१२ व ड जीवनसत्त्व, लोह आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या, तसेच ठराविक काळाने रक्ततपासणी आयुष्यभर चालते. गोळ्या सुटल्यास रक्तक्षय किंवा मज्जातंतूंची हानी होऊ शकते. साधारण एक ते दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते, हे नवविवाहितेच्या घरातील वडीलधाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवावे. काही रुग्णांना पुढे नैराश्य येते. अशा वेळी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते आणि तेथे नातेवाईकही बोलू शकतात.