माथेरान : मोटारींना मज्जाव असलेले गिरिस्थान

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर वसलेल्या माथेरानकडे 1850 मध्ये ठाण्याचा तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट याचे लक्ष गेले आणि मुंबईच्या उन्हाळ्याला कंटाळलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी व पारशी धनिकांनी तेथे बंगले बांधले. नेरळहून निघणारी, दोन फूट रुंदीच्या अरुंद रुळांवरून सुमारे 21 किलोमीटर वळणे घेत चढणारी छोटी गाडी 1907 मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या खर्चाने सुरू झाली. पावसाळ्यात मात्र ती नेरळपासून चालत नाही, केवळ अमन लॉज स्थानक ते माथेरान एवढ्याच टप्प्यात धावते.

पर्यटकांच्या मोटारींना अमन लॉजजवळील दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नसल्याने तेथून बाजारपेठेपर्यंत पायी, घोड्यावरून, छोट्या गाडीने किंवा अशाच अन्य साधनाने जावे लागते, आणि गावाचे खरे वैभव या बंदीतच आहे. जांभा, म्हणजे लोहयुक्त, सच्छिद्र लाल खडक, झिजून झालेली तांबडी धूळ उन्हाळ्यात चपलांवर, कपड्यांवर बसते व पावसात तिचाच निसरडा चिखल होतो. पावसाळ्यात पॅनोरमासारखे कड्यांवरील पॉइंट बहुधा धुक्यात हरवतात; त्यामुळे दूरवरचे दृश्य पाहू इच्छिणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, आणि माकडांपासून खाऊ सांभाळावा.